माळ, जातमुचलका आणि दान

वारकऱ्याने माळ घातली की दारू सुटली, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण माळ एकट्याने सांभाळत नाही. घालणारे महाराज लागतात, आधाराला फड लागतो, पाय घसरला तर कान धरणारी वडील माणसं लागतात.

सरकारी कायद्यानेही हे ओळखलं. १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा आला. स्वतःच्या सेवनापायी दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच तुरुंगात न धाडता, त्याच्या संमतीने, सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडण्याची मुभा कलम ३९ने कोर्टाला दिली. त्याने जातमुचलका लिहून द्यायचा आणि वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढे ठेवायचा.

कायद्याने दार उघडलं. आत खाट कोण टाकणार? पुण्यात त्या कामी दान पुढे आलं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' सुरू झालं.

कोर्टाने सोडलेला असो वा घरच्यांनी आणलेला, उपचार चालू असताना घरची चूल पेटायला हवी. तारखेला जायला एस.टी.चं भाडं हवं, जामीन राहणारा हवा, परतल्यावर काम हवं. यातलं काहीच कोर्ट देत नाही.

आम्ही शंभर वर्षं अन्नदान करत आलो. त्यातली एक पंगत या घरांसाठी असावी. वाटेत मागे पडलेल्याला टाकून दिंडी पुढे जात नसते, माउली.

रामकृष्ण हरी!