‘नेसेसिटास’ म्हणजे काय? गरजेला खरंच कायदा नसतो का?

‘गरजवंताला अक्कल नसते’ असं आपण म्हणतो. लॅटिनमधली एक जुनी म्हण त्याहून पुढे जाते: गरजेला कायदाच नसतो. या म्हणीत गरजेसाठी वापरलेला शब्द म्हणजे ‘नेसेसिटास’. इंग्रजीतला ‘नेसेसिटी’ हा शब्द त्यातूनच आला.

शब्द आला कुठून?

प्राचीन रोममध्ये याचा उच्चार ‘नेकेसितास’ असा होता. त्याचं मूळ ‘नेकेसे’, म्हणजे अटळ. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘केदेरे’ म्हणजे मागे हटणं, अशी त्याची फोड सहसा केली जाते. थोडक्यात, जिथून मागे हटायला वावच नाही अशी स्थिती. रोमन कवी होरेसने नेसेसिटासला देवीचं रूप दिलं. ती भाग्यदेवता फोर्चुनाच्या पुढे चालते आणि तिच्या हातात मोठे खिळे आणि पाचरी असतात. एकदा ठोकलं की हलणार नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

कोर्टाने काय म्हटलं?

1884 मध्ये ‘मिन्योनेट’ ही इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. छोट्या होडीत चौघे वाचले. भुकेने कासावीस झालेल्या कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी 17 वर्षांच्या आजारी सहकाऱ्याला मारून खाल्लं. ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा बचाव इंग्लंडच्या कोर्टाने फेटाळला. दोघांना फाशीची शिक्षा झाली, ती नंतर सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

पाकिस्तानात मात्र हाच युक्तिवाद सत्तेच्या कामी आला. 1954 मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभा बरखास्त केली. त्यानंतरच्या घटनात्मक पेचात, 1955 मध्ये सरन्यायाधीश मुनीर यांच्या कोर्टाने त्यांच्या पावलांना गरजेच्या तत्त्वाचा आधार दिला. 1977 मध्ये जनरल झियांच्या लष्करी राजवटीलाही याच तत्त्वावर मान्यता मिळाली.

भारतात काय?

भारतीय न्याय संहितेचं कलम 19 (आधीच्या दंड संहितेतलं कलम 81) गरजेची सबब मान्य करतं, पण अटींवर. हेतू गुन्ह्याचा नसावा, कृती सद्भावनेने केलेली असावी आणि ती दुसरी हानी टाळण्यासाठी असावी. उदाहरणार्थ, मोठी आग पसरू नये म्हणून घरं पाडणं.

म्हणजे ‘गरज होती’ एवढं म्हणून भागत नाही. मागे हटायला खरंच वाव नव्हता का, हे तपासावं लागतं. आणि ते ठरवण्याचा अधिकार गरज सांगणाऱ्याच्याच हाती गेला, तर कायदा उरतो कुठे?