सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समधील पियानो मैफिली

सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे लंडनमधील ट्राफल्गार चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावरील चर्च ऑफ इंग्लंडचे एक ऐतिहासिक चर्च आहे. दुपारच्या सुटीत भरणाऱ्या मैफिली, मेणबत्त्यांच्या प्रकाशातील सायंकालीन संगीतसभा आणि बेघरांसाठी चालवले जाणारे कार्य यांमुळे ते जगभर परिचित आहे. येथील दुपारच्या मैफिलींमध्ये पियानोवादनाला मोठे स्थान आहे. या मैफिली म्हणजे ठरावीक आठवड्यात साजरा होणारा महोत्सव नव्हे. वर्षभर थोडाथोडा चालणारा उत्सव असे त्यांचे वर्णन अधिक यथार्थ ठरेल.

नाव आणि वास्तू

चर्चच्या नावातील 'इन-द-फील्ड्स' म्हणजे 'शेतांमधील'. वेस्टमिन्स्टर आणि लंडन ही दोन वेगळी नगरे होती, तेव्हा त्यांच्यामधल्या मोकळ्या रानात हे देऊळ उभे होते. त्याचा लेखी उल्लेख इ.स. १२२२ पासून मिळतो. २००६ मधील उत्खननात येथे सुमारे इ.स. ४१० मधील रोमनकालीन दफन सापडले, त्यावरून ही जागा चर्चहूनही कितीतरी जुनी असल्याचे दिसते. ज्यांच्या नावाने हे चर्च ओळखले जाते, ते तूर येथील संत मार्टिन हे पूर्वाश्रमीचे रोमन सैनिक होते. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी तलवारीने आपला झगा अर्धा कापून दिला, अशी त्यांची कथा सांगितली जाते. या चर्चचा पुढील इतिहास पाहता हे नाव योगायोगाने का होईना, सार्थ ठरले आहे.

आजची इमारत वास्तुविशारद जेम्स गिब्ज यांनी १७२२ ते १७२६ या काळात बांधली. ग्रीक-रोमन मंदिरासारखा स्तंभयुक्त दर्शनी मंडप आणि त्याच्या मागून उंच वर जाणारा निमुळता मनोरा ही जोडणी त्या वेळी अनेकांना विजोड वाटली होती. गिब्ज यांनी १७२८ मध्ये आपल्या आराखड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हाच विजोड नमुना अमेरिकेपासून भारतापर्यंत असंख्य चर्चांसाठी आदर्श बनला. चेन्नई येथील १८२१ मधील सेंट अँड्र्यूज चर्चच्या दर्शनी भागावर व मनोऱ्यावर या आराखड्याची छाप स्पष्ट दिसते.

अंतर्भागात दोन्ही बाजूंना लाकडी सज्जे आणि वर कमानदार छत आहे. छतावरील नक्षीदार गिलावा आर्तारी आणि बागुत्ती या इटालियन कारागिरांनी केला. कठीण गिलाव्याचे छत स्वर परतवते, तर लाकडी बाके व श्रोत्यांची गर्दी तो काही अंशी शोषून घेते. त्यामुळे रिकाम्या चर्चमध्ये केलेला सराव आणि भरलेल्या चर्चमधील वादन यांत पियानोवादकाला फरक जाणवतो. अशा वास्तूंमध्ये उजव्या पायाखालील पेडल पूर्ण दाबून धरल्यास एका स्वरसंगतीचा नाद पुढच्या संगतीत मिसळून संगीत धूसर होते. म्हणून जाणते वादक पेडल अर्धेच दाबतात, वारंवार उचलतात आणि जलद रचनांची लय किंचित आवरती घेतात. बाख किंवा स्कारलाट्टी यांच्या रचनांत प्रत्येक स्वर सुटा ऐकू यावा लागतो, तेथे या संयमाची खरी कसोटी लागते.

उघडे दार

१९१४ मध्ये डिक शेपर्ड हे येथे धर्मगुरू म्हणून आले. पहिले महायुद्ध सुरू होते. जवळच्या चेरिंग क्रॉस स्थानकातून फ्रान्सच्या आघाडीवर जाणाऱ्या व तिकडून परतणाऱ्या सैनिकांची रीघ लागलेली असे. शेपर्ड यांनी त्यांच्यासाठी चर्चचे दार रात्रंदिवस उघडे ठेवले. युद्ध संपल्यावर सैनिकांची जागा बेकारांनी आणि निराश्रितांनी घेतली, दार मात्र उघडेच राहिले. ६ जानेवारी १९२४ रोजी येथून बीबीसीने आकाशवाणीवरून चर्चमधील उपासना प्रथमच प्रसारित केली. पवित्र विधी मद्यालयात बसून, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकला जाईल, अशी भीती तेव्हा काही धर्माधिकाऱ्यांना वाटत होती. शेपर्ड यांना मात्र चर्चची पायरी कधीही न चढणाऱ्यांपर्यंतच पोहोचायचे होते.

दुसऱ्या महायुद्धात चर्चच्या तळघराचा उपयोग हवाई हल्ल्यांपासून आश्रय घेण्यासाठी झाला. पुढे चिनी भाषिकांसाठी स्वतंत्र उपासना सुरू झाल्या. शेजारीच दक्षिण आफ्रिकेची वकिलात असल्याने वर्णभेदविरोधी आंदोलकांना या चर्चचा आधार वाटे. रस्त्यावर राहताना मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ येथे दरवर्षी नोव्हेंबरमध्ये प्रार्थनासभा होते. पूर्वेकडील भव्य खिडकी २००८ मध्ये नव्याने बसवण्यात आली. तिची संकल्पना इराणमध्ये जन्मलेल्या शिराझे हूशियारी आणि पिप हॉर्न यांची आहे. तिच्यातील वाकलेल्या रेषांमधून क्रूसाचा आकार सूचित होतो. चर्चच्या सर्वसमावेशकतेविषयी लिहिताना केवळ अलीकडच्या घोषणापत्रांचा हवाला देण्याची प्रथा आहे. येथील समावेशकता मात्र प्रथम भाकरी आणि अंथरूण यांच्या रूपाने आली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

मायरा हेस आणि दुपारची मैफल

दुपारच्या मैफिलींची परंपरा समजून घेण्यासाठी चर्चच्या दारातून समोर दिसणाऱ्या नॅशनल गॅलरीकडे वळावे लागते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच लंडनमधील नाट्यगृहे आणि संगीतगृहे बंद झाली. गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलवण्यात आली आणि भिंतींवर रिकाम्या चौकटी उरल्या. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या लंडनच्या विख्यात पियानोवादक मायरा हेस (१८९०–१९६५) यांनी आपला अमेरिकेचा दौरा रद्द केला. या ओस दालनांत अधूनमधून मैफल करता येईल का, अशी विचारणा त्यांनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे केली. अधूनमधून कशाला, रोजच करू, असे क्लार्क यांनी सुचवले.

१० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिली मैफल झाली. वादन स्वतः हेस यांचे होते. थोडेफार लोक येतील अशी अपेक्षा असताना दारापुढे रांग लागली आणि अनेकांना परत जावे लागले. प्रवेशमूल्य एक शिलिंग होते. कचेरीतील लिपिक, परिचारिका, गणवेशातील सैनिक दुपारच्या सुटीत येत, सँडविच खात आणि जमिनीवर बसूनही ऐकत. मध व मनुका घातलेली तेथील सँडविचे संगीताइतकीच लक्षात राहिल्याचे अनेकांच्या आठवणींत आढळते. बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर मैफिली खालच्या मजल्यावरील खोल्यांत हलल्या, पण खंडित झाल्या नाहीत. नामवंत आणि नवोदित अशा सर्व कलावंतांना सारखेच अल्प मानधन मिळे. हेस यांनी स्वतः काहीही घेतले नाही. १० एप्रिल १९४६ पर्यंत एकूण १,६९८ मैफिली झाल्या आणि त्यांना ८,२४,१५२ श्रोते आले, अशी नोंद आहे.

या मैफिलींत सर्वाधिक वाजवले गेलेले संगीत शत्रुराष्ट्राच्या भाषेतील रचनाकारांचे होते. बाख, मोझार्ट, बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स ही नावे कार्यक्रमपत्रिकांत सतत दिसतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जर्मन संगीताविरुद्ध मोठा रोष उसळला होता. त्या पार्श्वभूमीवर ज्यू घरातील एका स्त्रीने, शहरावर जर्मन बॉम्ब पडत असताना, बेथोव्हेन वाजवत राहणे ही साधी रसिकता नव्हती. संगीत हिटलरच्या मालकीचे नाही, हे त्यातून न बोलता सांगितले जात होते. बाखच्या कँटाटा क्र. १४७ मधील समूहगानाचे हेस यांनी केलेले पियानो रूपांतर या काळात श्रोत्यांना विशेष प्रिय झाले. मुळात चर्चमधील गायकवृंदासाठी असलेली ही रचना त्यांच्या हातून संगीतदालनात आली आणि पियानोवादकांच्या द्वारे पुन्हा चर्चमध्ये परतली, हा तिचा प्रवास मनोरंजक आहे. हेस यांना १९४१ मध्ये 'डेम' हा किताब मिळाला.

चित्रे परतल्यावर गॅलरीतील मैफिली थांबल्या. हेस यांना हा निर्णय मान्य नव्हता. युद्धोत्तर काळात दुपारच्या मैफिलींची रीत चौकापलीकडच्या सेंट मार्टिनने आपलीशी केली. अमेरिकेतील शिकागो येथेही १९७७ पासून हेस यांच्या स्मरणार्थ दर आठवड्याला दुपारच्या मैफिली होऊ लागल्या.

स्वरूप

चर्चमधील दुपारची मैफल साधारणतः पाऊण तास ते तासभर चालते. परंपरेने या मैफिलींना तिकीट नसे. श्रोत्याने ऐच्छिक देणगी द्यावी अशी अपेक्षा असे. संगीत विद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले वादक येथे प्रामुख्याने दिसतात. मोठ्या सभागृहात संधी मिळण्यापूर्वी अनोळखी श्रोत्यांसमोर संपूर्ण कार्यक्रम वाजवण्याचा अनुभव त्यांना येथे मिळतो. श्रोत्यांत जाणकार असतात, तसेच पावसापासून आडोसा शोधत आलेले पर्यटक आणि ऊब मिळावी म्हणून शेवटच्या बाकावर बसलेले बेघरही असतात. बाहेरच्या बसगाड्यांचा आवाज शांत भागांत आत येतो. त्याची तक्रार करणारे येथे फारसे टिकत नाहीत.

विनामूल्य मैफिलींची एक दुसरी बाजूही आहे. लंडनमधील अनेक चर्चांत दुपारी वाजवणाऱ्या तरुण कलावंतांना प्रवासखर्च किंवा देणगीतील वाटा एवढेच मिळते. श्रोत्याला फुकट मिळणाऱ्या संगीताची किंमत वादकाने चुकवावी का, हा प्रश्न संगीतविश्वात वारंवार विचारला जातो. हेस यांनी शिलिंगभर का होईना तिकीट ठेवले आणि प्रत्येक कलावंताला मानधन दिले, हे या संदर्भात नोंद घेण्याजोगे आहे.

या चर्चने आपले नाव एका वाद्यवृंदालाही दिले. नेव्हिल मॅरिनर यांनी स्थापन केलेल्या 'अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स'ची पहिली मैफल १३ नोव्हेंबर १९५९ रोजी येथे झाली. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल यांच्यासह या वाद्यवृंदाने केलेली मोझार्टच्या पियानो कन्चेर्तोंची ध्वनिमुद्रणे विशेष गाजली. १९८४ च्या 'अमाडेउस' या चित्रपटातील संगीतही याच वाद्यवृंदाचे आहे.

अर्थव्यवस्था

चर्चचा खर्च केवळ देणग्यांतून भागत नाही. तळघरातील उपाहारगृह, दुकान आणि तिकीट असलेल्या सायंकालीन मैफिली यांच्या उत्पन्नाचा त्याला मोठा हातभार लागतो. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे ३.६ कोटी पौंडांच्या नूतनीकरणात जमिनीखालील दालनांचा विस्तार करण्यात आला. २०२० मध्ये कोविड साथीमुळे हे उत्पन्न एकाएकी थांबले आणि चर्चला कर्मचारी कमी करावे लागले. त्या काळात चर्चच्या गायकवृंदाने ध्वनिमुद्रित केलेले संगीत, ज्यांची दारे बंद होती अशा इतर चर्चांना उपासनेसाठी पुरवण्यात आले. निर्बंध उठल्यानंतर दुपारच्या मैफिली पुन्हा सुरू झाल्या.