सिलोसायबी अझ्युरेसेन्स: ओरेगॉनच्या वाळूत उगवणारं, हात लावताच निळं पडणारं मशरूम

'मॅजिक मशरूम' म्हटलं की बहुतेकांना आठवते ती शेणावर उगवणारी, सोनेरी टोपीची अळंबी. तिचं नाव सिलोसायबी क्युबेन्सिस आणि तिला उष्ण, दमट हवा लागते. तिच्याच कुळातली सिलोसायबी अझ्युरेसेन्स मात्र थंडीत, समुद्रकाठच्या वाळूत उगवते. अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते, तो ॲस्टोरियाजवळचा किनारा हे तिचं मूळ घर. पॉल स्टॅमेट्स आणि योखेन गार्ट्झ यांनी १९९५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं.

टोपी ३ ते १० सेंटीमीटर रुंद, ओली असताना कॅरॅमलसारखी तपकिरी आणि सुकली की गवती रंगाची. मधोमध एक ठळक टोक असतं. देठ पांढरा, लांब, रेशमी तंतूंचा. बीजाणू जांभळट काळे.

निळं का पडतं?

देठ दाबला किंवा तुटला की तिथे निळा डाग उमटतो. नावातला 'अझ्युर' म्हणजे हाच निळा रंग. पेशी फुटल्या की एक विकर सिलोसायबिनचं रूपांतर सिलोसिनमध्ये करतं. दुसऱ्या विकरामुळे सिलोसिनची हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि निळं रंगद्रव्य तयार होतं. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, साधारण तसाच हा प्रकार. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ही साखळी उलगडली.

वाळूत अळंबी कशी?

खरं तर तिचं अन्न वाळू नाही, लाकूड आहे. नदीतून आणि समुद्रातून वाहून आलेली लाकडं वाळूत गाडली जातात, कुजतात. वर वाळूत वाढणारं गवत असतं. क्लॅट्सॉपच्या या किनाऱ्यावर वाळू उडून जाऊ नये म्हणून १९३० च्या दशकात युरोपातलं असं गवत मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. गवताची मुळं आणि कुजकं लाकूड यांत अझ्युरेसेन्सचं कवकजाल जाड, पांढऱ्या चटईसारखं पसरतं. बागांमध्ये पसरलेल्या लाकडाच्या भुग्यावरही ती सापडते. सप्टेंबरअखेरीस पारा उतरला, पाऊस सुरू झाला की टोप्या वर येतात आणि डिसेंबरपर्यंत दिसत राहतात. आपल्याकडे भूछत्रं पावसाळ्याच्या उबदार ओलाव्यात येतात; हिचा हंगाम त्याच्या नेमका उलटा.

मोजल्या गेलेल्या सिलोसायबिनयुक्त प्रजातींमध्ये ही सर्वांत तीव्र प्रजातींपैकी एक आहे. वाळलेल्या वजनाच्या १.७८ टक्क्यांपर्यंत सिलोसायबिन तिच्यात आढळलं आहे. गंमत म्हणजे ओरेगॉनच्या मतदारांनी २०२० मध्ये परवानाधारक केंद्रांत सिलोसायबिन देण्याला मान्यता दिली, पण नियमांनी परवानगी दिली ती फक्त क्युबेन्सिसला. राज्याची स्वतःची प्रजाती बाहेरच राहिली. लाकडावर वाढणाऱ्या काही सिलोसायबी खाल्ल्यावर काही तास स्नायू लुळे पडल्याच्या तक्रारी आहेत, तीही एक काळजी होती. भारतात सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं.

खरा धोका शेजारी

त्याच कुजक्या लाकडावर, त्याच हंगामात गॅलेरिना मार्जिनाटा ही जीवघेणी अळंबी येते. कधी कधी दोन्ही एकमेकींना खेटून उगवतात. गॅलेरिनाचे बीजाणू गंजासारखे तपकिरी असतात हा फरक पुस्तकात सोपा वाटतो, पण टोपलीत एकच चुकीची अळंबी पडली तरी पुरे. १९८१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या व्हिडबे बेटावर अशाच गफलतीतून एका किशोरवयीन मुलीचा जीव गेला.

गॅलेरिनात ॲमाटॉक्सिन असतात. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि याच काळात यकृत निकामी होत असतं. शिजवूनही हे विष जात नाही. त्यामुळे अनोळखी रानटी अळंबी पोटात गेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं आणि उरलेला तुकडा सोबत न्यायचा.