तारेचे मागचे दार

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरच्या जुन्या वस्तू बाहेर पडतात. आमच्या वाचनालयात मात्र गेल्या आश्विनात एक जुनी वस्तू आत आली. मुलांच्या अभ्यासिकेत देणगीदाखल मिळालेले अठरा संगणक होते, पण ते एकमेकांशी जोडायचे तर मधे एक नेटवर्क स्विच हवा. वर्गणीच्या पैशांत नवा बसेना. म्हणून मी मुंबईच्या जुन्या बाजारातून चोवीस पोर्टांचा, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला एक स्विच घेऊन आलो. चिटणिसांनी पावती फाइलला लावली आणि मी संगणक जोडले.

पहिल्या बारा पोर्टांवरचे संगणक एकमेकांना ओळखत होते. पुढच्या सहांना त्यांची दखलही नव्हती! कारण उघड होते. आधीच्या मालकाने आपल्या सोयीसाठी त्या पेटीत अदृश्य भिंती घातल्या होत्या. त्या पाडायच्या तर पेटीच्या आत शिरायला हवे, आणि तिचा पासवर्ड विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. वर्गणी लोकांची, खरेदी माझी. कार्यकारिणीची सभा धनत्रयोदशीला होती. माझी झोप उडाली म्हटले तरी चालेल.

तेव्हा भाच्याने पेटी उलटी फिरवली आणि पाठीमागच्या एका एकलकोंड्या पोर्टाकडे बोट दाखवले. त्यावर ‘कन्सोल’ असे लिहिले होते. "मामा, पुढची सगळी दारं बंद झाली तरी हे उघडं असतं." त्याने एक चपटी, फिकट निळी केबल काढली. तिच्या आठ तारा एका टोकाला ज्या क्रमाने, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने दुसऱ्या टोकाला. पहिली तार आठव्या जागी, दुसरी सातव्या. दुसरे टोक एका जोडणीतून लॅपटॉपच्या यूएसबीत गेले. लॅपटॉपने नव्या पाहुण्याची नोंद केली ती ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ या नावाने.

‘टीटीवाय’ ही तीन अक्षरे वाचली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. आमचे अण्णा तारखात्यात होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षे जिल्ह्याच्या तारघरात टेलिप्रिंटरपुढे गेली. १४ जुलै २०१३ रोजी भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हा अण्णा बातम्या पाहून एवढेच म्हणाले होते, "चला, आमची विद्या बुडाली." त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. आणि आता हा चार दिवसांचा लॅपटॉप माझ्यासमोर त्यांच्या यंत्राचे नाव घेत होता.

ही वंशावळ मोठी रंजक आहे. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो या नोकराने १८७४ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. मोर्सच्या लिपीत एका अक्षराला एक खूण तर दुसऱ्याला चार. बोदोने प्रत्येक अक्षराला नेमक्या पाच खुणा दिल्या. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच. पाच खुणांच्या बत्तीस जुळण्या. तारमास्तराने दोन बोटे डाव्या हाताची आणि तीन उजव्या हाताची अशा पाच कळांवर पेटीवादकासारखी ताल सांभाळून वाजवायची; ताल चुकला की संदेश बिघडला. वेग मोजण्याचे ‘बॉड’ हे माप याच गृहस्थाच्या नावावरून पडले.

तालाची ही अडचण सोडवली ती ‘स्टार्ट-स्टॉप’ पद्धतीने. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या चार्ल्स क्रम आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांनी ती टेलिप्रिंटरसाठी कामी आणली. प्रत्येक अक्षराच्या आधी ‘उठा’ अशी एक खूण आणि शेवटी ‘बसा’ अशी दुसरी. मग दोन गावच्या यंत्रांनी दिवसभर एका तालात फिरायला नको; एका अक्षरापुरते बरोबर चालले की पुरे. मोकळ्या वेळीही तारेतून वीज वाहतच असे, म्हणजे तार तुटली तर तत्काळ कळे. त्या वाहत्या स्थितीला म्हणत ‘मार्क’ आणि थांबलेल्या स्थितीला ‘स्पेस’. कागदाच्या पट्टीवर मोर्सच्या यंत्राने उमटवलेली खूण आणि सोडलेली कोरी जागा, यांची ती आठवण. घरी बोलणे संपून शांतता पसरली की अण्णा म्हणत, "लाइन मार्कवर आहे." आम्हां पोरांना तो त्यांचा विनोद वाटे, अर्थ कधी कळला नाही.

पुढे संगणक आले. त्यांच्याशी बोलायचे कशाने, तर तयार असलेल्या टेलिप्रिंटरनेच! १९६० साली अमेरिकेत यंत्र आणि मोडेम यांच्या जोडणीसाठी ‘आरएस-२३२’ हा संकेत ठरला. त्यातही खुणांची नावे मार्क आणि स्पेस हीच राहिली. उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे मार्क, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे स्पेस. योगायोग असा, की त्याच वर्षी मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. १९६३ साली आलेले टेलिटाइपचे मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे असलीच यंत्रे होती. संगणकाच्या भाषेत टीटीवाय हे नाव शिरले ते असे. यंत्रे मोडीत गेली, नाव राहिले.

आमच्या पेटीशी बोलणी सुरू झाली तेव्हा पडद्यावर आधी नुसता अक्षरांचा चिवडा उमटला. आमचा वेग निराळा, तिचा निराळा! भाच्याने वेग ९,६०० केला. आठ खुणांचे अक्षर, त्याला एक ‘उठा’ आणि एक ‘बसा’, अशा दहा खुणा; म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. पेटीच्या पुढच्या पोर्टांचा वेग याच्या लाखपट; पण त्या वेगाचा आम्हांला काही उपयोग नव्हता. मागची ही वाट मंद खरी, पण तिला ना पत्ता लागतो, ना नेटवर्क चालू असावे लागते. दोन खुणा ओळखता आल्या की झाले. म्हणूनच बाकी सारे रुसले तरी ती बोलते.

वीज बंद करून, पुढचे एक बटण दाबून धरून आम्ही पेटी पुन्हा सुरू केली. पुरती जागी होण्याआधीच ती थांबली. जुनी मांडणी जिच्यात लिहिलेली होती त्या फाइलचे नाव आम्ही बदलले आणि पेटीला पुढे जाऊ दिले. आपली मांडणी न सापडल्याने तिने पासवर्ड मागितलाच नाही. (असल्या पेट्या मोठ्या कचेऱ्यांतून कुलपात का ठेवतात, हे त्या दिवशी उमगले.) जुनी फाइल पुसण्यापूर्वी एकदा उघडून पाहिली. लेखा, आस्थापना, साहेबांची खोली. त्या अनोळखी कचेरीच्या भिंती एकेका ओळीत उभ्या होत्या. दुसऱ्याच्या ट्रंकेत पत्रे सापडावीत तसे वाटले. ती पुसली.

अठराही संगणक एकत्र आले. सभेत माझ्या खरेदीवर चर्चा झाली नाही, चहा मात्र झाला.

रात्री सामान आवरताना भाच्याने रिकाम्या ओळीवर चुकून मागे जाण्याची कळ दाबली आणि लॅपटॉपमधून बारीक ‘टिंग’ असा आवाज आला.

"हे काय?" तो म्हणाला.

पुसायला काहीच नाही, असे कळवण्यासाठी पेटीने सात क्रमांकाची खूण पाठवली होती. ती घंटेची खूण. टेलिप्रिंटरमध्ये खरीखुरी घंटा असे. दूरच्या तारघरातून ही खूण आली की ती वाजे आणि खुर्चीत पेंगणारा माणूस जागा होई.

मी भाच्याला तसे सांगितले. त्याने ती कळ पुन्हा दाबली. मग मी दाबली. बाहेर पहिल्या दिवसाचे आकाशकंदील लागले होते आणि आम्ही दोघे अभ्यासिकेत बसून अण्णांची घंटा वाजवत होतो.