बांध फुटला, भरपाई कोणी द्यायची?

आज आपण पेण-रोह्याच्या खारेपाटाकडे वळू. प्रश्न साधाच आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही म्हणून कुळाचे नुकसान झाले, तर वसुली कोणाकडून करायची?

पेणकडे अंबा आणि भोगावती, रोह्याकडे कुंडलिका. या नद्यांच्या खाड्यांलगत बांध घालून, उघाड्या बसवून भातशेती उभी राहिली. बांध घालणाऱ्याला शिलोत्रदार म्हणत. कुळ त्याला खंड द्यायचे आणि बाहेरचा बांध राखण्यासाठी वेगळे भातही द्यायचे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर दुरुस्तीचे पैसे आगाऊच वसूल झालेले असत.

आता उधाणाला बांधाला खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले, की त्या वर्षीचे पीक तर जातेच. शिवाय मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. विमा कुठला! करार बहुधा तोंडी, आणि मालकावर दावा लावावा तर पुढच्या वर्षी जमीन कसायला मिळेल याची खात्री नाही.

1948 च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने हा तंटा ओळखला. कलम 23 पाहा. वादामुळे बांधाची हयगय होत असेल तर सरकार दुरुस्तीचा हुकूम काढू शकते. पण खर्च आधी वसूल होणार प्रत्यक्ष जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून, जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखा. करार किंवा वहिवाटीप्रमाणे जबाबदार असलेल्याकडून त्याने तो मागाहून वसूल करावा. थोडक्यात, आधी कुळाने भरा, मग मालकामागे फिरा! आणि मिळणार काय, तर बांधाचा खर्च. बुडालेल्या भाताबद्दल हे कलम गप्प आहे.

त्याच वर्षी खार जमिनींचा स्वतंत्र कायदा झाला, मंडळ आले. पुढे 1 एप्रिल 1957 ला, कृषकदिनी, कायद्यात बसणारी कुळे मालक मानली गेली. मोठीच गोष्ट झाली ती. पण एक बाजू आपण विसरतो. ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो मालकच उरला नाही. बांध मात्र एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हताच. म्हणून 1979 चा खारभूमी विकास कायदा वाचताना आपण हाच प्रश्न पुन्हा विचारायला हवा: बांध बांधायची जबाबदारी सरकारने घेतली खरी, पण तो फुटल्यावर गेलेल्या पिकाची कोणी घेतली?