काडीवरची अक्षरं

वडिलांच्या वेळी साताऱ्यात भारी फ्रेम म्हणजे एकच, रोल्डगोल्ड. वकील, मामलेदार, हायस्कूलचे हेडमास्तर आणि पेठेतले चार-दोन सावकार यांच्याच नाकावर ती दिसायची. काडीच्या आतल्या अंगाला, भिंगाशिवाय वाचता न येणारी अक्षरं कोरलेली असत: १/१०, १२ के, जीएफ. म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा बारा कॅरेटचं सोनं. बारा कॅरेट म्हणजे निम्मं शुद्ध. तेव्हा वीस ग्रॅमच्या फ्रेममध्ये शुद्ध सोनं भरायचं जेमतेम एक ग्रॅम. हा हिशेब ठाऊक नसलेली मंडळी आजोबा गेल्यावर त्यांचा चष्मा सराफाकडे न्यायची आणि तोंड पाडून आमच्या दुकानात यायची. वडील म्हणायचे, “मोडू नका, काचा बदलून नातवाला द्या.” अशा फ्रेमांना मी स्वतः नव्या काचा बसवल्या आहेत. नाकाजवळ सोनं झिजून खालचा धातू दिसायचा, पण बिजागरी आदल्या दिवशी बसवल्यासारखी घट्ट.

आता गिऱ्हाईक काउंटरवर दोन फ्रेमा शेजारी शेजारी ठेवतं. ही आठशेची, ही अठरा हजारांची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. “काका, खरं सांगा, एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?” रोल्डगोल्डच्या काळात या प्रश्नाला सराफाच्या काट्यावर उत्तर मिळत होतं. काडीवरची अक्षरं आजही आहेत, पण ती आता काट्यावर तोलता येत नाहीत. हे कसं झालं, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

फार मागं नको. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी निघाला आणि त्याला कानावर टेकणाऱ्या काड्या यायला अठरावं शतक उजाडलं, एवढं पुरे. तोवर माणसं तो हातात धरायची किंवा नाकाला चिमटवायची. फ्रेम ही काच धरून ठेवणारी वस्तू होती, बाकी काही नाही.

रोल्डगोल्ड न परवडणाऱ्यांसाठी आमच्याकडे ‘शेल’ होती. कासवाच्या पाठीची नक्कल, पण माल सेल्युलॉइडचा. तिच्यावर कानस चालवली की दुकानभर कापराचा वास सुटायचा, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. पेटायलाही तो माल एका पायावर तयार. म्हणून दुकानात शेल तापवायची ती वाळूत, दिव्यावर धरायची नाही, हा नियम. पुढं सेल्युलोज ॲसिटेट आलं. ते सहजी पेट घेत नाही आणि कापलं तर कापराऐवजी किंचित व्हिनेगरसारखा वास येतो. मिलानजवळ कास्तिलिओने ओलोना इथं मात्सुकेल्ली यांचा कारखाना १८४९ पासून आहे. सुरुवात शिंगांच्या आणि कवचाच्या फण्यांपासून, बटणांपासून झाली. आज जगातल्या बऱ्याच भारी फ्रेमांना लागणारे ॲसिटेटचे पत्रे तिथून जातात.

पत्र्यातून कापून काढलेली फ्रेम आणि साच्यात प्लास्टिक ओतून पाडलेली फ्रेम यांतला फरक गिऱ्हाइकाला शोकेसमध्ये दिसत नाही. तो मला दिसतो, वाळूत. ॲसिटेटची काडी गरम वाळूत थोडा वेळ खुपसून काढली की ती मऊ पडते. मग गिऱ्हाइकाच्या कानामागं जिथं हाड उतरतं, नेमक्या तिथं अंगठ्यानं बाक द्यायचा आणि पाण्यात बुडवायची. बाक कायमचा. आत तार असते, ती आकार धरून ठेवते. साच्यातल्या स्वस्त काडीला हे सोसत नाही. एक तर ती वाकत नाही, नाहीतर टचकन तुटते, आणि तुटली की गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. दोघांचे कान कधीच सारख्या उंचीवर नसतात, अगदी एकाच माणसाचे दोन कानसुद्धा. ज्या फ्रेमला बाक देता येत नाही ती दिवसभर नाकावरून घसरणार, आणि काचेचा मध्य डोळ्यासमोरून खाली गेला की नंबर कितीही बरोबर असो, डोकं दुखणार. जादा पैशाचा पहिला टप्पा हा, आणि तो मला शंभर टक्के पटतो.

आता पैशाचं दुसरं कारण. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि चष्मा फुकट मिळू लागला. इतकी झुंबड उडाली की खर्चाचा अंदाज साफ चुकला. १९५१ मध्ये सरकारनं कवळी आणि चष्मा यांच्यावर पैसे आकारायचं ठरवलं, त्या मुद्द्यावर ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हननी मंत्रिपद सोडलं. चष्म्यावरून राजीनामा! आमच्या धंद्याला एवढा मान पुन्हा मिळाला नाही. सरकारी फ्रेमा मजबूत होत्या, पण ठरावीक घाटाच्या. त्या नाकावर दिसल्या की माणूस सरकारी मदतीवर आहे हे चारचौघांना कळायचं. ज्यांना जमायचं ते सरकारी काचा घेऊन फ्रेम खिशातून पैसे घालून बाहेरची घ्यायचे. तिथं पैसे टिकाऊपणाचे नव्हते, गरीब न दिसण्याचे होते. आणि गंमत बघा, १९६६ मध्ये एका सिनेमासाठी जॉन लेननच्या नाकावर तीच सरकारी थाटाची गोल तारेची फ्रेम चढली, त्यानं ती पुढंही वापरत ठेवली, आणि गरिबाची फ्रेम पोरांना हवीहवीशी वाटू लागली. आपल्याकडं ती आधीपासून होतीच, ‘गांधी चष्मा’ म्हणून. खुद्द गांधीजींचा म्हणून एक सोन्याचा मुलामा दिलेला गोल चष्मा २०२० मध्ये ब्रिस्टलजवळच्या लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना गेला. लिलाववाल्यांच्या टपालपेटीत तो साध्या पाकिटात कुणीतरी टाकून गेलं होतं. त्या रकमेत धातूचा वाटा किती, हे साताऱ्यातला कुठलाही सराफ सांगेल.

दिसण्याचे पैसे मिळतात हे एकदा कळल्यावर त्याचा धंदा ज्यानं उभा केला तो लिओनार्दो देल वेक्किओ. मिलानच्या अनाथाश्रमात वाढलेला, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला पोरगा. १९६१ मध्ये तो आल्प्सच्या पायथ्याशी आगोर्दो गावी गेला. तिथून जवळच्या कादोरे खोऱ्यात १८७८ पासून चष्म्याचे कारखाने होते, कारागीर मिळण्यासारखे होते. सुरुवातीला तो इतरांसाठी सुटे भाग करायचा. मग अख्ख्या फ्रेमा. १९८८ मध्ये त्याच्या लक्झोटिका या कंपनीनं अर्मानीशी करार केला आणि कपड्यांच्या शिंप्याचं नाव चष्म्याच्या काडीवर आलं. असे करार आधीही झाले होते, पण या माणसानं त्याची रीतच करून टाकली. पुढं शनेल, प्रादा, व्हर्साची. नावं वेगळी, कारखानदार एकच. १९९५ मध्ये त्यानं अमेरिकेतली लेन्सक्राफ्टर्स ही दुकानांची साखळी घेतली. फ्रेम करणारा तोच, विकणारा तोच.

१९९९ मध्ये त्यानं बॉश अँड लॉम्बकडून रे-बॅन ६४ कोटी डॉलरना विकत घेतली. रे-बॅन तोवर अमेरिकेत पेट्रोल पंपावरसुद्धा मिळायची. त्यानं हजारो दुकानांचा माल बंद केला, बनावट सुधारली आणि मग किंमत चढवत नेली. बनावट खरंच सुधारली हे मान्य करायला हवं. पण किंमत बनावटीच्या कितीतरी पुढं गेली. आपल्याकडं राजस्थानात भिवाडीचा कारखाना आधी बॉश अँड लॉम्बचा होता, तोही या व्यवहारानंतर इटालियन मालकाकडं गेला. तेव्हा काडीवर इटालियन मालकाचा शिक्का असला म्हणजे माल आल्प्समधूनच आला असं समजायचं कारण नाही. २००७ मध्ये ओकली त्यांच्याकडं आली आणि २०१८ मध्ये लक्झोटिका काचा बनवणाऱ्या फ्रेंच एसिलोरमध्ये मिसळली.

मला स्वतःला जपान जास्त आवडतं. फुकुई भागात हिवाळ्यात एवढा बर्फ पडतो की शेतकऱ्याला घरात बसून राहावं लागायचं. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी ओसाकाहून कारागीर बोलावून गावकऱ्यांना चष्म्याचं काम शिकवलं. त्यातून पुढं साबाए हे चष्म्यांचं शहर झालं. जपानच्या दहातल्या नऊहून जास्त फ्रेमा आज त्या भागात होतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टायटॅनियमच्या फ्रेमा बाजारात आणल्या. हा धातू वजनाला नेहमीच्या निकेल-तांब्याच्या फ्रेमच्या निम्मा, पण अतिशय हट्टी. तापवला की हवेतला ऑक्सिजन ओढतो आणि जोड ठिसूळ होतो. म्हणून आरगॉन वायूत ठेवून सांधावा लागतो. त्याची मजुरी किमतीत येणारच.

साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये त्या मजुरीचं मोल कळतं. साध्या धातूच्या फ्रेमला घामानं नाकाच्या पट्टीजवळ हिरवा कळंक चढतो. मी तो टाचणीनं खरवडून काढतो, महिन्याभरात पुन्हा तेच. काहींच्या नाकावर निकेलचे काळे डाग पडतात, खाज सुटते. शेतावर, गॅरेजात राबणारा माणूस असेल तर मी त्याला सरळ टायटॅनियम दाखवतो, नाव नसलेलं. चार-पाच हजारांत चांगलं मिळतं. उरलेले पैसे काचेत घाल म्हणतो, तिथं डोळ्याला फरक पडतो.

माझ्या मुलाला हे पटत नाही. त्यानं दुकानाचा समोरचा शोकेस नावांच्या फ्रेमांनी भरला आहे आणि बिननावाचं टायटॅनियम खालच्या खणात. “बाबा, एक भारी फ्रेम विकली की तुमच्या दहा फ्रेमांचा नफा निघतो. आणि घेणारा खुशीनं घेतो, त्याला कुणी फसवलं का?” फसवलं नाही, हे खरंच आहे. त्यामुळं मी फक्त एवढंच करतो, गिऱ्हाइकासमोर दोन्ही फ्रेमांच्या काड्या उघडतो, बिजागरीत किती जोड आहेत ते भिंगाखाली दाखवतो, आणि मुलगा चहाला गेला असला तर खालचा खण ओढतो.