लिनक्सवर सामायिक फोल्डर : सोय आणि सावधगिरी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक छोट्या कार्यालयांत तीन-चार संगणक एकाच राऊटरला जोडलेले असूनही फायली मात्र पेनड्राइव्हवरून फिरतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित साह्य थांबवल्यानंतर जुन्या यंत्रांसाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय ठरतो. त्याच यंत्रावर सर्वांसाठी एक सामायिक फोल्डरही ठेवता येतो.

त्यासाठीची आज्ञावली म्हणजे 'सांबा'. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये तिचा आरंभ केला. विंडोज ज्या 'एसएमबी' पद्धतीने फायलींची देवाणघेवाण करते, तीच सांबा लिनक्सवर उपलब्ध करून देते. विंडोज संगणकांना वेगळे काही बसवावे लागत नाही.

उबुंटूवर कृती अशी :

१. टर्मिनलमधून 'सांबा' हे पॅकेज बसवावे.

२. फोल्डर तयार करून संबंधित लिनक्स वापरकर्त्यास त्यात लिहिण्याची परवानगी द्यावी.

३. 'एसएमबी डॉट कॉन्फ' या फाइलच्या शेवटी फोल्डरचे नाव, त्याचा मार्ग आणि अधिकृत वापरकर्त्यांची नावे लिहावीत. 'रीड ओन्ली'पुढे 'नो' लिहावे.

४. 'एसएमबी पासवर्ड' आज्ञेने प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड ठरवावा. तो लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो. बहुतेकांची गाडी येथेच अडते.

५. 'टेस्टपार्म' आज्ञेने चुका तपासून सेवा पुन्हा सुरू करावी. फायरवॉल चालू असल्यास तीत सांबाला वाट द्यावी.

सोयीइतकीच सावधगिरी महत्त्वाची. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' आणि जूनमधील 'नॉटपेट्या' हे हल्ले विंडोजच्या जुन्या 'एसएमबी'तील त्रुटीवाटे पसरले. 'नॉटपेट्या'मुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले. त्याच मे महिन्यात सांबातही गंभीर त्रुटी आढळून तिची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. म्हणूनच लिनक्स आहे म्हणून निर्धास्त राहू नये. अद्ययावत आवृत्ती वापरावी, पासवर्डविना प्रवेश देऊ नये आणि राऊटरवरून ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला खुले करू नये. सांबाच्या ४.११ या २०१९ मधील आवृत्तीपासून 'एसएमबी १' मुळातच बंद असते; जुन्या यंत्राच्या सोयीसाठी ते पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा.

सामायिक फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एकाने चुकून पुसलेली फाइल सर्वांसाठीच नाहीशी होते. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण परिसरात घरादारांत पाणी शिरले होते, हे विसरता येणार नाही. आठवड्यातून एकदा बाह्य हार्ड डिस्कवर प्रत घेऊन ती कार्यालयाबाहेर, उंचावर ठेवणे शहाणपणाचे.